जपानी बोलायला शिकताय? या चुका टाळा

पहिली चूक राजधानीच्या नावातच होते. आपण 'टोकियो' म्हणतो, जपानी माणूस 'तोओक्योओ' म्हणतो. जीभ दातांना लागलेला 'त', आणि दोन्ही 'ओ' दुप्पट लांब. तो 'ट' आपण रोमन 'टी'वरून उचलला. जपानीत ट, ठ, ड, ढ, ण हे आवाजच नाहीत. स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायचं असेल तर शब्द 'तोइरे', 'टोइरे' नाही.

म्हणून मी नव्या विद्यार्थ्यांना सांगते, रोमन अक्षरांतून जपानी शिकू नका. हिरागाना लिपीत मूळ अक्षरं ४६. रोज थोडी गिरवली की हाताला बसतात. क्रमही ओळखीचा वाटेल: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपी जपानला पोहोचली आणि तिच्या वर्णमालेवरून हा क्रम लागला. 'ना' आणि 'मा' यांच्यामध्ये 'हा' कसा, तर त्याचा फार जुना उच्चार 'पा' होता. म्हणजे प-वर्ग आपल्या जागेवरच आहे.

उच्चारांसाठी आपल्या मराठीकडे बघा, तिथे बरंच काही तयार आहे. 'त्सुनामी'तला 'त्सु' जमत नाही म्हणून अनेक जण नुसता 'सु' म्हणून मोकळे होतात. जरा 'चूल' म्हणा. त्यातला 'च' हाच तो आवाज, फक्त 'ऊ' आखूड करायचा. 'चि' मात्र 'चिंच'मधला. पाणी म्हणजे 'मिजु', त्यातला 'ज' 'जुना'मधला. वेळ म्हणजे 'जिकान', तिथे 'जीव'मधला. 'इ' आली की आवाज बदलतो, हे दोन्ही भाषांत सारखंच.

अनुस्वाराचंही तसंच. 'शिंबुन' म्हणजे वर्तमानपत्र, लिहिताना 'न्', बोलताना 'म्', जसा आपल्या 'आंबा'त. 'गेंकि' म्हणजे ठणठणीत, त्यात 'अंक'मधला अनुनासिक. 'संवाद' म्हणताना जीभ टाळूला टेकत नाही, आवाज नाकातून जातो. 'देंवा' म्हणजे फोन, तो तसाच म्हणायचा. 'फुजि'मधला 'फु' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवू नका. गरम चहावर फुंकर घालताना ओठ जसे होतात तेवढंच पुरे.

मराठीची सवय आड येते ती ऱ्हस्व-दीर्घात, आणि खरी मेहनत इथेच आहे. शब्दाच्या शेवटची 'इ' आणि 'उ' आपण आपोआप लांबवतो, त्यामुळे 'सुशि'ची 'सुशी' होते. जपानीत लांबी बदलली की शब्दच बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'युकि' बर्फ, 'युउकि' धैर्य. 'ब्योओइन' रुग्णालय, पण 'ब्यो'चं 'बियो' केलंत तर 'बियोओइन', म्हणजे केस कापायचं पार्लर. आजारी असताना टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताय असं समजा, मग ही चूक किती महाग पडेल ते कळेल.

उपाय टाळ्यांचा. प्रत्येक मात्रेला एक टाळी, सगळ्या सारख्या अंतराने. को-न्-नि-चि-वा म्हणजे नमस्कार, पाच टाळ्या. आपण 'कोनिचीवा' म्हणतो तेव्हा 'न्'ची टाळी गळते. आ-रि-गा-तो-ओ म्हणजे धन्यवाद, याही पाच. जोडाक्षरात थांबण्यालाही एक टाळी द्यायची: 'किते' म्हणजे 'ये', 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट. 'पता' आणि 'पत्ता' यांत जो फरक आपण सहज करतो, तोच.

वाक्याच्या शेवटी 'देसु', 'मासु' लिहिलेलं दिसलं की शेवटचा 'उ' ठासून म्हणू नका. 'देस्', 'मास्' एवढंच ऐकू येतं. 'सुकि' म्हणजे आवडणं, तेही जवळजवळ 'स्कि'. स्वराच्या चढ-उताराने तोक्योच्या बोलीत 'हाशि'चा अर्थ जेवायच्या काड्या किंवा पूल होतो, पण सुरुवातीला त्याची धास्ती नको. आधी मात्रा पक्क्या करा.

आता वाक्यं. स्वतःच्या नावापुढे 'सान' लावू नका. आपण स्वतःला 'राव' लावत नाही तसंच. समोरच्याला 'आनाता' म्हणू नका. पुस्तकात त्याचा अर्थ 'तुम्ही' दिला असला तरी कानाला ते खटकतं. आडनाव घेऊन 'तानाका-सान' म्हणा. सकाळी शिक्षकांना किंवा साहेबांना नमस्कार करताना नुसतं 'ओहायोओ' नको, 'ओहायोओ गोजाइमास्' हवं. ऑफिसातून निघताना 'सायोओनारा' नाही, 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास्', म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफी असावी. कोणी आणखी चहा हवा का विचारलं आणि तुम्ही 'दाइजोओबु देस्', म्हणजे ठीक आहे, म्हणालात, तर ते सहसा 'नको' धरलं जातं. आणि तुम्ही बोलत असताना समोरचा सारखा 'हाइ, हाइ' (हो, हो) म्हणतोय म्हणजे त्याला पटलं असं समजू नका. तो ऐकतोय, आपल्या 'हं, हं'सारखा.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यातही होते आणि बरेच जण तिच्यासाठीच शिकतात. पण तिच्यात बोलण्याची चाचणीच नाही. एन५ ही तिची सर्वांत सोपी पातळी उत्तम गुणांनी पास झालेली मुलं 'कोनिचीवा'च म्हणत राहतात, कारण त्यांना कोणी थांबवलेलंच नसतं. त्यामुळे रोज दोन मिनिटं फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि जपानी माणसाच्या त्याच वाक्याशेजारी लावून ऐका. आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर मान डोलवू नका. 'मोओ इचिदो ओनेगाइ शिमास्' म्हणा, पुन्हा एकदा सांगाल का. लोक आनंदाने, आणि बहुतेक वेळा जास्त सावकाश, परत सांगतात.