होडीतली बॅटरी बांधताना या चुका टाळा

“एवढी जड बॅटरी, ती कुठे जातेय?” असं म्हणणाऱ्याने शिडाची होडी पुरती आडवी झालेली सहसा पाहिलेली नसते. 100 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी 25 ते 30 किलोची असते आणि सुटली की हेच वजन केबिनभर धिंगाणा घालतं.

ओळखीच्या एकाने बॅटरी हुकाच्या रबरी दोरीने बांधली होती. पट्टा लाव म्हटलं, तर “तात्पुरतं आहे हो!” एका झोतात होडी कलली, रबर ताणलं, बॅटरी सरकली आणि शेजारी टाकलेल्या पान्यावर जाऊन आदळली. पाना दोन्ही टर्मिनलांवर आडवा बसला. ठिणग्या, धूर, वितळलेल्या प्लास्टिकचा वास. याने धावत मेन स्विच बंद केला, पण शॉर्ट स्विचच्या अलीकडेच, तो काय थांबणार! शेवटी वल्ह्याच्या लाकडी दांड्याने पाना उडवला. लाल झाला होता.

रबर ताणलं जातं, म्हणून रबर नकोच. मी काठ असलेला ट्रे बोल्टने पक्का करतो, वर न ताणणारा विणलेला पट्टा आवळतो आणि मग दोन्ही हातांनी बॅटरी हिसडून बघतो. होड्यांच्या सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेचे नियम इंचभर हालचाल चालवून घेतात. मी तेवढीही चालवून घेत नाही. बॅटरी लिथियमची, हलकी असली तरी पट्टा हवाच.

दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोप्या घाला. दहा सेकंदांचं काम, तरी लोक टाळतात.

फ्यूज पॅनेलजवळ लावून खूश होऊ नका. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. फ्यूज पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत हवा.

बॅटरी तळातल्या पाण्यापासून उंच ठेवा. खारं पाणी आत गेलं तर विषारी क्लोरीन तयार होतो. पण म्हणून पेटी हवाबंदही करू नका: चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, आणि हवेत 4 टक्के झाला की ठिणगीने पेटतो. तो वर चढतो, त्यामुळे भोकं झाकणातच पाडा.

झाकणं उघडून पाणी घालायच्या बॅटऱ्या कलत्या होडीत अ‍ॅसिड सांडतात. मी एजीएमच वापरतो, म्हणजे अ‍ॅसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली बंद बॅटरी.

केबल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना इंजिनाला टेकला तरी मग काही होत नाही. हातातली अंगठी आधी काढा.