मुलांना बक्षीस देताना या चुका टाळा

आमच्याकडे वेंगुर्ल्याला मार्चमध्ये काजू पडायला लागले की मुलगा आपणहून सकाळी आजीसोबत बागेत जायचा, बोंडू पिरगळून बी काढायची, हात चिकट, शर्टावर न जाणारे डाग, पण स्वारी खूश. गेल्या वर्षी मी म्हटलं किलोमागे १० रुपये देईन.

पहिली चूक हीच. जे तो आवडीने करत होता त्याला मी भाव लावला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ३ ते ५ वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे शाबासकी द्या, खाऊ पण द्या, फक्त आधी सौदा करू नका.

दुसरी चूक, वजन मोजलं. आठवड्याभरात टोपलीत हिरव्या कोवळ्या बिया यायला लागल्या, झाडावरून ओरबाडलेल्या, आजीने एक हातात घेऊन विचारलं, "ह्यो कित्याक काढलंस रे?" तो म्हणाला, किलो भरायला. त्याचं काय चुकलं सांगा, आपण जे मोजतो तेच मुलं वाढवतात.

दंडाचं पण तसंच. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर कमी व्हायच्या जागी वाढला, कारण पैसे भरले की संकोच संपला, आणि दंड काढल्यावरही उशीर तसाच राहिला. मोबाईल जास्त बघितला म्हणून पॉकेटमनी कापत असाल तर हे लक्षात ठेवा.

कंटाळवाण्या कामाला पैसे द्यायला माझी हरकत नाही हां, पावसाआधी लाकडं पडवीत रचायची तर कोणाला मजा येते!

आणि आधीच बिघडलं असेल तर? मी पैसे बंद केले तेव्हा पंधरा दिवस तो बागेकडे फिरकला नाही, फार वाईट वाटलं, पण मागे लागले नाही. मग आजीने त्याला ओढ्याकडचं एक झाड देऊन टाकलं. तिथल्या बिया कधी गोळा करायच्या, कुठे सुकवायच्या, सगळं तोच ठरवतो, आणि यंदा कोवळी बी एकही नाही.