ईएनसी२८जे६० या इथरनेट चिपमधून पॅकेट वाचताना
पॅकेटची लांबी ४ बाइटने जास्त दिसतेय? घाबरू नका, ही चिप लांबीत शेवटचा सीआरसीही (चूक तपासायचे ४ बाइट) धरते. तेवढे वजा करा. बफरमध्ये प्रत्येक फ्रेमआधी चिपचे स्वतःचे ६ बाइट असतात: २ पुढच्या पॅकेटचा पत्ता, ४ लांबी आणि स्थिती. हे खालच्या बाइटपासून वाचायचे. मग खुद्द फ्रेम: घेणाऱ्याचा मॅक पत्ता ६, पाठवणाऱ्याचा ६ आणि प्रकार २ बाइट. इथे मात्र वरचा बाइट आधी. आयपीव्ही४ असेल तर ०८ ००. या उलटापालटीत माझा अख्खा रविवार गेलाय.

वाचून झालं की ईआरएक्सआरडीपीटीमध्ये (कुठवर वाचलं ते चिपला सांगणारं रजिस्टर) पुढच्या पॅकेटचा पत्ता वजा १ लिहा (इथे सम आकडा चिपला सोसत नाही, जुनी खोड). पुढच्या पॅकेटचा पत्ता बफरच्या सुरुवातीचाच असेल, तर बफरचा शेवटचा पत्ता लिहा. आणि पीकेटीडीईसी या बिटमध्ये १ लिहायला विसरू नका, त्याने न वाचलेल्या पॅकेटची मोजणी एकने कमी होते, नाहीतर मोजणी २५५ वर अडकते आणि नवं पॅकेट आतच येत नाही.