जुनी हॅसलब्लाड लेन्स बघायला निघण्यापूर्वी

पहिलं काम घरातलं. गेल्या सात-आठ रोलच्या कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर) जमिनीवर मांडा आणि आपण कुठे उभे राहून फोटो काढतो ते बघा. हॅसलब्लाडच्या 500 सी/एम कॅमेऱ्यावर बहुतेकांकडे 80 मिमी प्लॅनार लेन्स असतेच. लोकांचे फोटो नेहमी लांबून काढून प्रिंट करताना कापत असाल तर 150 मिमी सोनार बघा. भिंतीला पाठ टेकूनही खोली चौकटीत मावत नसेल तर 50 मिमी डिस्टागोन. दोन्ही एकदम नकोत. आणि 80 असताना 60 कशाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. 150 घेणार असाल तर लक्षात ठेवा, ती 1.4 मीटरच्या आत फोकस होत नाही. नुसता चेहरा हवा तर एक्स्टेन्शन ट्यूबचे (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी नळी, जवळून फोकस करायला) पैसे वेगळे काढा.

जुन्या 'सी' मालिकेची लेन्स घ्यायची की नंतरच्या 'सीएफ'ची, हे निघण्याआधीच ठरवा. सी स्वस्त पडते, पण तिच्या आतच बसवलेल्या कॉम्पूर शटरचे सुटे भाग मिळवताना दमछाक होते. शिवाय सीच्या 80 ला बी50 मापाचा फिल्टर आणि सीएफला बी60, म्हणजे सरमिसळ केली की फिल्टरही दोन-दोन.

पिशवीत रिकामी बॉडी आणि छोटी बॅटरी हवीच. ॲपर्चर पूर्ण उघडून काचेतून तिरका उजेड टाका. मुंबई-कोकणातले पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मग बॉडीचं मॅगझिन (मागचा फिल्मचा डबा) काढा, लेन्स चढवा, 1 सेकंदावर बटण दाबून धरा आणि मागून बघा. मध्येच सोडलंत तर मागचे पडदे मिटतात आणि काही कळत नाही. आतली चक्रं एका लयीत घरघरली पाहिजेत. मी एकदा फक्त 1/125 वर तपासून 150 घरी आणली. 1/8 च्या खाली गेलो की शटरची पाती उघडीच राहायची.

सी लेन्सवरचा एम-एक्स-व्हीचा (फ्लॅश आणि सेल्फ टायमरचा) खटका 'एक्स'वरच ठेवा. 'व्ही' म्हणजे सेल्फ टायमर, म्हाताऱ्या लेन्समध्ये तो अडकला की शटरही बसतं.

लेन्स चढवताना-उतरवताना बॉडी आणि लेन्स, दोन्हीही कॉक केलेल्या (स्प्रिंग ताणून तयार) हव्यात. लेन्समागची खाच लाल ठिपक्यासमोर नसेल तर जोर लावू नका. पिशवीत एक चपटा स्क्रूड्रायव्हर टाका, त्याने खाच आधी फिरवून घ्या.