डिस्क न दिसल्यामुळे अडलेले लिनक्सचे इन्स्टॉलेशन

घरच्या संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स घेताना पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर व्यवस्थित सुरू झाला, परंतु डिस्क निवडण्याच्या टप्प्यावर यादी रिकामीच राहिली. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ही जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा दिल्यावरही केवळ पेनड्राइव्ह दिसला. विंडोज मात्र त्याच एसएसडीवरून सुरळीत चालत असल्याने डिस्क बिघडल्याची शंका मी बाजूला ठेवली. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क हाताळणारा स्टोरेज कंट्रोलर 'एएचसीआय' या साध्या पद्धतीऐवजी अनेक डिस्क एकत्र जोडण्यासाठीच्या 'रेड' पद्धतीवर असल्याचे आढळले. या पद्धतीत माझ्यासारखी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी डिस्क कंट्रोलरच्या आड जाते आणि योग्य ड्रायव्हर नसलेल्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. एकच डिस्क असलेल्या घरगुती संगणकाला रेडचा उपयोग तो काय!

ही सेटिंग थेट बदलल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकण्याची शक्यता असते, म्हणून आधी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली, 'बीसीडीएडिट' या बूट सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेच्या साहाय्याने पुढचे बूट सेफ मोडमध्ये (केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरसह) होईल अशी व्यवस्था केली, मग बायोसमध्ये एएचसीआय निवडले आणि सेफ मोडमध्ये विंडोजने आवश्यक ड्रायव्हर जोडून घेतल्यावर ती व्यवस्था रद्द केली. त्यानंतर इन्स्टॉलरच्या यादीत डिस्क आली व उरलेले काम विनासायास पार पडले. ज्यांच्या संगणकात खरोखरच अनेक डिस्क रेडमध्ये जोडलेल्या आहेत, त्यांनी मात्र हा बदल करू नये.