प्रूफ-ऑफ-वर्कची तपासणी कोडमध्ये कशी लिहावी

सोयाबीन पिकवायला तीन-चार महिने जातात, पण मोंढ्यात ओलावा मीटरवर मिनिटात कळतो. प्रूफ-ऑफ-वर्कचंही (ब्लॉक बनवायला मेहनत केल्याच्या पुराव्याचंही) तसंच आहे. मायनरला (नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, बनवणाऱ्याला) असंख्य वेळा हॅश (डेटावरून निघणारी ठरावीक लांबीची संख्या) काढावा लागतो, तपासणाऱ्याला एकदाच. त्यामुळे लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला हे शिकायला महागडं यंत्र नको, इन्व्हर्टरवर चालणारा जुना लॅपटॉप पुरतो. इथे बिटकॉइनचे नियम धरले आहेत.

पहिली पायरी: हेडर (ब्लॉकच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) बरोबर ८० बाइटचा करा. क्रम असा: आवृत्ती ४, मागच्या ब्लॉकचा हॅश ३२, मर्कल रूट (सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश) ३२, वेळ ४, बिट्स (टार्गेटचं, म्हणजे हॅशने ओलांडायची नाही त्या मर्यादेचं, आखूड रूप) ४, नॉन्स (मायनर बदलत राहतो ती संख्या) ४. पूर्णांक लिटल-एंडियन (सर्वात लहान किमतीचा बाइट आधी) लिहा. मेमरीतला स्ट्रक्ट जसाच्या तसा हॅश करू नका. कंपायलर मध्ये रिकामे बाइट घालू शकतो.

दुसरी: त्यावर शा-२५६ (हॅश काढण्याची पद्धत, SHA-256) दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी कच्चे ३२ बाइट द्या, त्यांचा हेक्स मजकूर नव्हे. बहुतेक जण इथेच अडकतात. निकालही लिटल-एंडियन संख्या म्हणून वाचायचा, म्हणजे स्क्रीनवर सुरुवातीला दिसणारी शून्यं मुळात शेवटच्या बाइटांत असतात.

तिसरी: बिट्समधून टार्गेट काढा. वरचा बाइट घातांक, खालचे तीन बाइट मूळ संख्या. ४८६६०४७९९ उलगडलं की घातांक २९ आणि संख्या ६५५३५ मिळते. टार्गेट म्हणजे ६५५३५ गुणिले २५६ चा २६वा (२९ वजा ३) घात. टार्गेट ऋण, शून्य, २५६ बिटांबाहेरचं किंवा नेटवर्कच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठं निघालं तर ब्लॉक तिथेच नाकारा. मग हॅश टार्गेटपेक्षा मोठा नाही ना, ते पाहा. बरोबरीचा चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेडरमधले बिट्स पाठवणाऱ्यानेच लिहिलेले असतात. विकणाऱ्याच्याच काट्यावर माल मोजून कसं चालेल? अपेक्षित बिट्स आपल्याकडच्या ब्लॉकच्या साखळीवरून स्वतः काढा आणि ते तंतोतंत जुळले तरच पुढे जा. ही तुलना राहिली तर कुणीही सोपं टार्गेट लिहून ब्लॉक खपवेल.

काठिण्य, म्हणजे टार्गेट किती अवघड ते, प्रत्येक २०१६ ब्लॉकनंतर बदलतं. त्या टप्प्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकमधलं वेळेचं अंतर घ्या; म्हणजे प्रत्यक्षात २०१५ अंतरं मोजली जातात. ही जुनी चूक आहे, पण आता तोच नियम आहे, सुधारू नका. ते अंतर ३०२४०० ते ४८३८४०० सेकंदांत बसवा, जुन्या टार्गेटला त्याने गुणा आणि नंतर १२०९६०० ने भागा. आधी भागलं तर अचूकता जाते. दशांश संख्या वापरू नका. दोन नोडचं (नेटवर्कमधल्या संगणकांचं) उत्तर किंचित वेगळं आलं तरी साखळी फुटते. उत्तर कमाल मर्यादेच्या वर गेलं तर मर्यादाच घ्या. शेवटी टार्गेट पुन्हा बिट्समध्ये बसवूनच तुलना करा, कारण बसवताना खालचे अंक गळतात.

वेळेचे नियमही हवेतच. ब्लॉकची वेळ मागच्या ११ ब्लॉकच्या मध्यकापेक्षा जास्त असावी आणि सध्याच्या वेळेच्या दोन तासांहून पुढे नसावी.

चाचणीला २००९चा पहिला ब्लॉक घ्या: आवृत्ती १, मागचा हॅश सगळा शून्य, वेळ १२३१००६५०५, बिट्स ४८६६०४७९९, नॉन्स २०८३२३६८९३. मर्कल रूट ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकची माहिती दाखवणाऱ्या वेबसाइटवर) मिळेल, मात्र तो हेडरमध्ये उलट्या बाइटक्रमाने भरायचा. हॅशच्या सुरुवातीला दहा हेक्स शून्यं दिसली पाहिजेत. मग नॉन्समध्ये एक मिळवून पाहा: तपासणीने तो ब्लॉक नाकारलाच पाहिजे.