क्रूझ घेताना शहर नाही, बंदर बघा

युरोपच्या क्रूझचं ब्रोशर आलं की आधी शहरांची नावं सोडा आणि जहाज नक्की कुठल्या बंदराला लागतं, किती वाजता सुटतं ते बघा. कारण 'रोम' लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला, तिथून रोम ७०-८० किमी, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्याही पुढे, आणि फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, तेही तसंच लांब. आमची मावशी कोलोसियमला बाहेरूनच हात लावून धावत परत, वर म्हणते जहाजावरचा बुफे मस्त होता! आणि हो, मधे तुर्कीचं कुशादासी वगैरे असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, तुर्की त्यात येत नाही) मल्टिपल एन्ट्रीचाच, म्हणजे पुन्हा आत येता येईल असाच मागा, सिंगलवर एकदा बाहेर पडलात की परत आत घेत नाहीत.